घरगुती आरोग्यमापन : आकडा आणि अर्थ

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. इतिहासाच्या व्याख्यानात राजे असावेत, लढाया असाव्यात, निदान एखादा किल्ला तरी असावा, अशी आपली सवय आहे. रक्तदाब पाहण्याचे घरगुती यंत्र, साखर तपासण्याची पट्टी आणि त्या यंत्रांशी जोडलेले मोबाईलमधील ॲप ह्यांना कसला आला आहे इतिहास, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. परंतु ह्या वस्तू काल आकाशातून पडलेल्या नाहीत. मनुष्य स्वतःचे शरीर मोजू लागला त्याला चारशे वर्षे झाली. प्रथम ते माप विद्वानाच्या प्रयोगशाळेत होते, मग रुग्णालयात आले, मग डॉक्टरच्या पेटीत, आणि आता आपल्या घरच्या कपाटात. ह्या प्रवासात कोठे यश आले व कोठे फसगत झाली हे नीट पाहिले, तर आजची ॲपे कशी सुधारावीत ह्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सापडते. ते मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

माप म्हणजे काय, हे भंडाऱ्याच्या माणसाला शिकवावयास नको. हे धानाचे आणि पितळी भांड्यांचे गाव. धान पायलीने मोजून देण्याघेण्याची रीत वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पायलीत धान मावते म्हणून ती पायली होत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही तिचा एकच अर्थ लावतात, म्हणून ती पायली. शरीराच्या मापाचेही तसेच आहे. यंत्राने आकडा दाखविला एवढ्याने काम भागत नाही. तो आकडा कोणाला कळला, त्याने पुढे काय करावयाचे, आणि तो सांगितल्यावर ऐकून घेणारे पलीकडे कोणी आहे की नाही, ह्यावर त्या मापाची किंमत ठरते. माझे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे. आता त्याला इतिहासाचा आधार काय, ते पाहू.

इटलीतील पादुआ येथे सान्तोरिओ नावाचा एक वैद्य होऊन गेला. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो जेवी, आणि खाल्लेले अन्न व शरीरातून बाहेर पडलेले द्रव्य ह्यांच्या वजनाचा हिशेब ठेवी. हा उद्योग त्याने अनेक वर्षे केला व त्यावरचा ग्रंथ १६१४ मध्ये छापला. शरीराची गोष्ट आकड्यांत सांगता येते, ही कल्पना त्याने रुजविली. पण त्या आकड्यांचा आजाऱ्याला काय उपयोग, हे सांगण्याची सोय त्या काळी नव्हती.

तापाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तापमापक सुमारे फूटभर लांब असे आणि आकडा स्थिरावण्यास वीस मिनिटे लागत. इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट ह्यांनी १८६६ च्या सुमारास सहा इंचांचा तापमापक करविला. त्याला पाच मिनिटे पुरत. यंत्र खिशात मावू लागले. परंतु त्याला अर्थ दिला तो जर्मनीतील लाइप्झिगच्या वुंडरलिख ह्यांनी. त्यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदी तपासून १८६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या रुग्णालयांत खाटेच्या पायथ्याशी तापाचा जो तक्ता लटकत असे, त्याची परंपरा त्यांच्यापर्यंत जाते. एका वेळचा ताप फारसे काही सांगत नाही. सकाळ-संध्याकाळचे टिंब टिंबाला जोडले की रोगाची चाल दिसते, हे त्यांनी दाखविले. आजच्या ॲपमधील चढउताराची रेघ ही त्या तक्त्याचीच नात आहे.

रक्तदाबाचे यंत्र इटलीच्याच रिवा-रोच्ची ह्यांनी १८९६ मध्ये ट्यूरिनला तयार केले. दंडाला रबरी पट्टा बांधावा, त्यात हवा भरावी, नाडी थांबते त्या ठिकाणी पारा किती चढला ते वाचावे, ही त्याची रीत. पण त्यांचा पट्टा अरुंद होता. त्यामुळे दाब वास्तवाहून जास्त दिसे, आणि काही वर्षांतच रुंद पट्टा घ्यावा लागला. पट्टा दंडाला बेताचा नसेल तर आकडा खोटा येतो, हा धडा तेव्हापासूनचा आहे, आणि आजही घरोघरी तो विसरला जातो. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह ह्या शल्यवैद्याने नळी लावून दंडातील आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली. त्यांचे टिपण एका पानाचेही नव्हते. पण पुढे शंभर वर्षे जगभरच्या डॉक्टरांनी रक्तदाब त्याच पद्धतीने पाहिला.

आता माप घरात कसे आले ते पाहू. १९४० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे एमन आणि गोल्डशाइन ह्या दोघा डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना घरी रक्तदाब घेण्यास शिकविले. तेव्हा असे दिसले की, घरचा आकडा दवाखान्यातल्या आकड्याहून बहुतेक कमी येतो. डॉक्टरपुढे बसले की मनुष्य मनातून धास्तावतो आणि दाब चढतो. मग खरा आकडा कोणता? ह्या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले, आणि ते मिळाले जपानच्या एका शेतकरी गावात. उत्तर जपानमधील ओहासामा येथे १९८० नंतरच्या दशकात, तोहोकु विद्यापीठाचे इमाई आणि त्यांचे सहकारी ह्यांनी घरोघरी रक्तदाबाची स्वयंचलित यंत्रे दिली. लोकांनी रोज सकाळी दाब मोजावा व लिहून ठेवावा, असे ठरले. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींवरून १९९८ मध्ये असे निष्पन्न झाले की, पुढील धोक्याचा अंदाज घरच्या आकड्यांवरून दवाखान्यातील आकड्यापेक्षा चांगला येतो. दवाखान्यात १४० वर ९० ही वाढलेल्या दाबाची सीमा मानतात, तर घरी १३५ वर ८५. ही घरची सीमा ठरण्यात ओहासामाच्या शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे. सांगावयाचे ते हे की, घरचे मापन हे दुय्यम दर्जाचे मापन नव्हे. नीट केले तर ते अधिक खरे असते. मात्र ‘नीट केले तर’ हे तीन शब्द फार महत्त्वाचे आहेत.

साखरेची कहाणी ह्याहून चटकदार आहे. इन्सुलिनचा शोध टोरांटोला १९२१-२२ मध्ये लागला आणि मधुमेही माणूस जगू लागला. पण जगण्यासाठी त्याला रोज हिशेब ठेवणे भाग पडले. त्यापूर्वीच, १९१८ मध्ये, बोस्टनच्या जॉस्लिन ह्यांनी मधुमेहावर एक पुस्तक लिहिले होते, ते डॉक्टर आणि रुग्ण ह्या दोघांनी मिळून वापरावे म्हणून! रुग्णाला शहाणे करणे हा उपचाराचाच भाग आहे, असे त्यांचे मत होते. त्या काळी घरी परीक्षा करावयाची ती लघवीची. निळ्या द्रावणात आठ थेंब टाकून नळी तापवावयाची. निळा रंग टिकला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर अधिक, आणि विटकरी झाला तर पुष्कळ. आपल्याकडील कितीतरी घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ही निळी बाटली असे. पुढे १९४१ मध्ये दिव्याची गरज नसलेली गोळी आली, १९५६ मध्ये बुडवून पाहण्याची पट्टी आली, १९६० नंतर रक्ताच्या थेंबाची पट्टी निघाली, आणि १९७० मध्ये त्या पट्टीचा रंग वाचणारे किलोभर वजनाचे यंत्र बाजारात आले.

हे यंत्र डॉक्टरांना आणि रुग्णालयांनाच विकत मिळे. रिचर्ड बर्नस्टाइन नावाचा एक अभियंता बालपणापासून मधुमेहाने पीडित होता. त्याची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्याने ते यंत्र मिळविले, दिवसातून अनेकदा स्वतःची साखर पाहिली, आणि आहार व इन्सुलिन त्याप्रमाणे बदलून प्रकृती सुधारली. हा अनुभव त्याने लिहून पाठविला, तेव्हा वैद्यकीय नियतकालिकांनी तो छापण्याचे नाकारले. शेवटी चाळिशी उलटल्यावर तो स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला व डॉक्टर झाला! माझ्या शरीराचा आकडा मला कळण्याचा अधिकार आहे की नाही, ह्या वादाचा निकाल अशा हट्टी माणसांनी लावून घेतला आहे.

आता परदेश सोडून आपल्या वैनगंगेकडे येऊ. घरगुती मापनाच्या इतिहासातील एक अत्यंत मोलाचे साधन आपल्याच खोऱ्यात, शेजारच्या गडचिरोलीत तयार झाले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. खेड्यांत लहान मुले न्यूमोनियाने दगावत. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. पण ती मोजणार कोण? गावातील सुईणीला लिहितावाचता येत नसे, मनगटावर घड्याळ नसे, आणि पन्नास-साठपर्यंत अंक मोजणे जमत नसे. ह्या अडचणीतून बंग दांपत्याने श्वास मोजण्याचे एक साधन काढले. लाकडी चौकटीत एका मिनिटाची वाळूची घडी, आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. मण्यांच्या दोन ओळी. एक दोन महिन्यांखालील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. ओळीतील शेवटचा मणी लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर समजावे की मुलाला न्यूमोनिया आहे आणि औषध सुरू केले पाहिजे. १९९२ मध्ये ह्या साधनाची माहिती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

श्रोतेहो, ह्या साधनाकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. त्यात वीज नाही, पडदा नाही. परंतु आज मोठमोठ्या कंपन्यांना आपल्या ॲपमध्ये जे साधत नाही ते त्यात साधले आहे. त्याने सुईणीला आकडा वाचावयास लावले नाही, थेट निर्णय दाखविला. दोन वयांसाठी दोन सीमा आहेत हा शास्त्राचा बारकावा त्याने दोन ओळींत बसविला, तिच्या स्मरणावर टाकला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाल मण्यानंतर काय करावयाचे हे तिला शिकविलेले होते, आणि औषध तिच्याजवळ होते. ह्याच वाटेने पुढे जाऊन गावातील आरोग्यदूतांच्या हाती तापमापक आणि वजनाचा काटा देण्यात आला, आणि नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. त्या गावांतील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९९ मध्ये जगापुढे आले. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या ह्याच पद्धतीने घरोघर बाळांना पाहण्यास जाऊ लागल्या. आज भंडारा जिल्ह्यात एखादी आशाताई पोतडीतून तापमापक काढते, तेव्हा हा सारा इतिहास तिच्यासोबत असतो.

भंडारा जिल्ह्याचा स्वतःचाही ह्या इतिहासात भाग आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारे ह्यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतील निवडक जिल्हे घेतले. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. पारा आणि नळी ह्यांच्याऐवजी स्वयंचलित यंत्र, औषधांचा एकच ठरीव क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, आणि आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद, अशी ह्या कामाची घडण होती. महाराष्ट्र व पंजाबात नोंदीसाठी ‘सिंपल’ नावाचे ॲप वापरात आले. रुग्णाच्या हाती एक छोटे कार्ड, त्यावर क्यूआर कोड. परिचारिकेने तो मोबाईलने टिपला की जुनी नोंद समोर. इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. ते आले की नोंद पुढे जाते. आणि ठरल्या तारखेला जो आला नाही त्याचे नाव निराळ्या यादीत दिसते, म्हणजे त्याला फोन करता येतो.

ह्या शेवटच्या सोयीचे महत्त्व धानाच्या मुलखात विशेष आहे. रोवणीचे दिवस आले की बाया पहाटेपासून बांधीत असतात. रक्तदाब काही दुखत नाही. मग गोळी संपली तरी दवाखान्यात कोण जाणार? दुखत नाही म्हणून विसरलेला हा दाब एके दिवशी पक्षाघात होऊन समोर येतो. अशा ठिकाणी सुंदर रेघोट्या काढणाऱ्या ॲपपेक्षा, ‘ह्या बाई दोन महिने आल्या नाहीत’ एवढे सांगणारी साधी यादी अधिक प्राण वाचवू शकते. हे ॲप दवाखान्यातील परिचारिकेसाठी होते, घरच्या माणसासाठी नव्हे, हे खरे. पण घरच्या यंत्राच्या ॲपने त्यापासून पुष्कळ शिकावे असे आहे.

येथवर यशाच्या गोष्टी झाल्या. आता फसगतीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण सुधारणेचा मार्ग त्यांतूनच दिसतो.

२०१४ मध्ये अमेरिकेत एक ॲप विक्रीस आले. कॅमेऱ्यावर बोट ठेवावे, मोबाईल छातीला लावावा, की रक्तदाब कळतो, असा त्याचा दावा होता. वर्षभरात त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. २०१६ मध्ये संशोधकांनी ते पारखले, तेव्हा ज्यांचा दाब खरोखरीच वाढलेला होता अशा दर पाच जणांपैकी जवळजवळ चौघांना त्याने ‘ठीक आहे’ असे सांगितले होते. खोटा धीर हे खोट्या भीतीहून वाईट औषध आहे. दंडाला पट्टा न बांधता दाब सांगणारे मोबाईल आजही जाहिरातींत दिसतात. त्यांच्याबाबत ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण दाखविणाऱ्या यंत्राची कथा निराळी आहे. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी ह्यांनी १९७२ च्या सुमारास शोधिले. २०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, आणि आरोग्यपथके हे यंत्र घेऊन दारोदार फिरली. लाखो घरांना त्याचे नाव त्याच वर्षी कळले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले की, काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे यंत्र प्राणवायूची घट चुकविण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. प्रकाश त्वचेतून जातो, आणि यंत्राची पारख मुख्यतः गोऱ्या त्वचेवर झालेली. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या माणसांच्या मुलखात ही गोष्ट क्षुल्लक नाही. पडद्यावर ९४ दिसले आणि माणूस मात्र धापा टाकत असेल, तर माणसावर विश्वास ठेवावा. आणि ॲपने हे स्वतः होऊन सांगावे.

पूर्व विदर्भाला तर ह्याचे आणखी एक कारण आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ह्या पट्ट्यात आहे, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी ह्यांनी १९५८ मध्येच शास्त्रीय जगाला कळविले होते. अशा मुलाला चढलेला ताप हा साधा ताप मानून चालत नाही. त्याला लगेच दवाखान्यात न्यावे लागते. म्हणजे तापमापकातील तोच आकडा एका घरी ‘उद्या पाहू’ असा असतो, तर शेजारच्या घरी ‘आता निघा’ असा. दोन्ही घरांना एकच उत्तर देणारे ॲप अपुरे होय. जमैकात ह्याच आजाराच्या मुलांच्या मातांना पोट चाचपून प्लीहा वाढली आहे का ते पाहण्यास शिकविले, आणि त्यामुळे प्लीहेत एकाएकी रक्त साठून होणारे मृत्यू कमी झाले. तेथे यंत्र म्हणजे आईची बोटे होती. बोटांना काय जाणवले आणि जाणवल्यावर कोठे जावयाचे, एवढे पक्के शिकविलेले होते.

आणखी एक घोटाळा एककांचा आहे. आपल्याकडे रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, इंग्लंडमध्ये मिलिमोलमध्ये. तेथील ७ म्हणजे येथील १२६. अठराने गुणावे लागते. मुलगा लंडनहून आईवडिलांसाठी प्रेमाने यंत्र आणतो. त्यावर १५ आकडा दिसला तर येथील माणसाला वाटेल की साखर भलतीच उतरली, आणि तो गूळ खाऊ लागेल. वास्तविक ती २७० असते! देणारा आणि घेणारा ह्यांची पायली वेगळी झाली की असे होते. निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांनी एकाच भाषेत बोलावे म्हणून २००६ पासून संघटित प्रयत्न झाले, आणि २०१० मध्ये थोड्या विजेवर चालणारी नवी ब्लूटूथ पद्धत आल्यावर घरचे यंत्र मोबाईलला जोडणे सोपे झाले. तरीही एका कंपनीचे यंत्र दुसरीच्या ॲपला ओळख देत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. यंत्र बदलले की मागील पाच वर्षांची नोंद गेली, असे होणे म्हणजे खातेवहीच जळणे.

आणि शेवटची फसगत शांततेची. २०२४ मध्ये अमेरिकेत इन्सुलिनच्या पंपाशी जोडलेल्या एका ॲपची नवी आवृत्ती आली. ती वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होई, त्या धडपडीत पंपाची बॅटरी उतरे, आणि पंप अवेळी थांबे. इजा झाल्याच्या २२४ तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथील औषध प्रशासनाने इशारा दिला की, मोबाईलच्या मांडणीत बदल झाल्यामुळे साखर घसरल्याची सूचना रुग्णाला ऐकूच येत नाही, असे घडत आहे. फोनची आवृत्ती बदलली, किंवा रात्री त्रास नको म्हणून आवाज बंद केला, की प्राणरक्षक घंटाही मुकी होते. घंटा वाजली नाही ह्याचे दोन अर्थ होतात, सर्व ठीक आहे, किंवा घंटाच बिघडली आहे. हे दोन अर्थ वेगळे दाखविता येणे, ही चांगल्या ॲपची पहिली परीक्षा मानावी.

अशा वेळी रुग्णांनी हात जोडून बसावे असे नाही. न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक नावाच्या अभियंत्याचा चार वर्षांचा मुलगा मधुमेही होता. मुलाच्या अंगावरील यंत्र साखर दाखवी, पण मूल शाळेत आणि बाप कामावर. २०१३ मध्ये त्याने स्वतःच आज्ञावली लिहून ते आकडे दूरवरून पाहण्याची सोय केली. इतर पालक येऊन मिळाले, आणि ‘नाइटस्काउट’ ह्या नावाने ते काम सर्वांसाठी खुले झाले. कंपन्यांनी तशी सोय पुढे दिली. बर्नस्टाइनची परंपरा अशी चालू आहे.

ह्या साऱ्या इतिहासाचे सार काढून आजच्या ॲपला लावले, तर काही मागण्या उघड दिसतात. मोजण्यापूर्वी त्याने विचारावे : पाच मिनिटे शांत बसलात का? पट्टा दंडाला बेताचा आहे का? आकडा दाखविताना त्याने लाल मण्याप्रमाणे अर्थही दाखवावा, आणि तो सोप्या मराठीत; साध्या प्रमाण मराठीत लिहिता येईल तेवढे लिहावे, आणि झाडीबोली बोलणाऱ्या आजीसाठी ते ऐकू येईल अशी सोय असावी. जाळे नसताना ते चालावे. एका घरात एकच मोबाईल असतो. तेव्हा आजोबांचा दाब नातवाच्या खात्यात जाऊ नये. वाईट आकडा आला की पुढचे पाऊल सांगावे : पुन्हा मोजा, आशाताईंना कळवा, १०८ ला फोन करा. आणि नोंद ही रुग्णाची मालमत्ता आहे. ती कागदावर छापून डॉक्टरपुढे ठेवता आली पाहिजे, आणि त्याला न विचारता दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये. आपल्या देशात २०२० पासून अशी यंत्रे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही संमत झाला आहे. कायद्याचा आधार आहे. तो मागणारे नागरिक हवेत.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेतील की, एवढ्याने माणसे चिंतातुर होतील. दिवसातून दहा वेळा दाब मोजत बसतील. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ‘आज पुरे, आता उद्या सकाळी’ असे सांगण्याचा शहाणपणाही ॲपला हवा. वुंडरलिखने शिकविले तेच येथे लागू आहे : एका टिंबाने घाबरू नये, रेघ पाहावी.

शेवटी एक गोष्ट नमूद करून हे विवेचन पुरे करतो. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत ह्या जिल्ह्यात मोबाईल पुष्कळ आहेत, आणि यंत्रेही दिवसेंदिवस स्वस्त होत जातील. उणीव पडेल ती आकडा ऐकून घेणाऱ्या माणसाची. गडचिरोलीतील लाल मण्यामागे शिकलेली सुईण आणि तिच्याजवळचे औषध उभे होते. ओहासामाच्या वहीमागे विद्यापीठ होते. रक्तदाबाच्या यादीमागे फोन करणारी परिचारिका होती. आपण घरी यंत्र विकत घ्याल तेव्हा त्याची किंमत आणि रंगरूप पाहालच. त्याबरोबर एवढेही विचारून घ्यावे की, रात्री दोन वाजता ह्याने वाईट आकडा दाखविला, तर हे मला काय सांगेल आणि कोणाला हाक मारील. ह्या प्रश्नाचे नीट उत्तर देणारे ॲप ज्या दिवशी आपल्या हाती येईल, त्या दिवशी ह्या चारशे वर्षांच्या प्रवासातील आपल्या गावचा टप्पा पुरा झाला असे म्हणता येईल.